विद्यापीठाच्या ग्रंथालयात आरोग्याचा संग्रह उभा करताना: साताऱ्याच्या हिशेबानं

खरेदीची यादी करण्याआधी देवघेव काउंटरवर काय चालतं ते बघा. पुस्तकाचं नाव मोठ्यानं वाचून नोंद होते का? बुक कार्डावर आधीच्या वाचकांची नावं दिसतात का? थकीत पुस्तकांची यादी शीर्षकांसकट नोटीस बोर्डावर लागते का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर नैराश्य, पाळीच्या तक्रारी, मावा सोडणं, लैंगिक आरोग्य या विषयांवरची पुस्तकं रॅकवरच राहतील. साताऱ्याच्या वसतिगृहांत एकेका खोलीत पुष्कळदा एकाच तालुक्यातली मुलं असतात. पाटणच्या मुलीनं कुठलं पुस्तक नेलं हे गावी कळायला एसटीची एक फेरी पुरते.

म्हणून पहिलं काम गुप्ततेचं. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर थकीत पुस्तकांच्या नोटीस-साच्यातून शीर्षक आणि लेखकाचे टॅग काढा, फक्त बारकोड ठेवा. नोंदवलेला मोबाईल नंबर पुष्कळदा वडिलांचा असतो आणि मेसेज तेच वाचतात. परत केलेल्या पुस्तकांचा इतिहास निनावी करायची सोयही कोहात आहे. त्यासाठी आधी एक निनावी सभासद तयार करून त्याचा क्रमांक सिस्टिम प्रेफरन्समध्ये, म्हणजे कोहाच्या सेटिंगमध्ये, भरावा लागतो. ही पायरी बऱ्याच ठिकाणी राहून जाते आणि मग इतिहास पुसलाच जात नाही. अजून बुक कार्डच चालत असेल तर कार्डावर नावाऐवजी सभासद क्रमांक लिहा. शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांना एक नियम सांगून ठेवा: या पुस्तकांवर काउंटरवर काहीही बोलायचं नाही, कौतुकसुद्धा नाही.

आता निवड. तयार याद्यांत ताण, ध्यान आणि सकारात्मक विचार एवढंच असतं. इथल्या मुलांची गरज वेगळी आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. त्या तयारीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळून नडगी धरलेली मुलं दर वर्षी असतात. त्यांना धावण्याच्या दुखापती, वॉर्म-अप, विश्रांती यांवरचं साधं मराठी पुस्तक हवं. त्यापाठोपाठ झोप, मुलींमधला रक्तक्षय, मेसच्या जेवणात प्रथिनं कशी भागवायची, तंबाखू आणि मोबाईलची सवय, स्पर्धा परीक्षेत पुन्हा पुन्हा अपयश आल्यावर काय करायचं, घरातल्या मृत्यूचं दुःख, मित्र खचला असेल तर त्याच्याशी कसं बोलायचं.

पन्नास हजार हाताशी असतील तर साधारण अशी वाटणी बसते: १२० शीर्षकं सरासरी ३०० रुपयांनी ३६,०००, जास्त मागणीच्या २० पुस्तकांच्या दुसऱ्या प्रतींना ६,००० आणि उरलेले ८,००० इतर साहित्याला. दोन तृतीयांश पुस्तकं मराठी ठेवा. अनुवाद घेताना मधलीच दोन पानं मोठ्यानं वाचून बघा. न्याहारीला ओट्स आणि ब्लूबेरी सांगणारं पुस्तक ज्वारीची भाकरी आणि घेवड्याची आमटी खाणाऱ्याच्या काय कामाचं? राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार मार्गदर्शिका मोफत उतरवता येते. तिच्या दोन स्पायरल प्रती रॅकवर ठेवा.

काय घ्यायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. ‘अमुक दिवसांत मधुमेह कायमचा बरा’ छापाचं काहीही नको. औषधं आणि जादूटोणासदृश उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरील १९५४ च्या कायद्यात ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे. कायदा जाहिरातींपुरता असला तरी ती यादी चाळणी म्हणून छान चालते: त्यातला आजार हमखास बरा करण्याचं वचन मुखपृष्ठावर दिसलं की पुस्तक बाजूला. लेखकाची पदवी आणि आवृत्तीचं वर्ष बघा. औषधं आणि आहारावरची पाच वर्षांहून जुनी आवृत्ती टाळा. दान म्हणून आलेल्या पुस्तकांनाही हेच निकष. इथं भिडस्तपणा फार महागात पडतो, कारण नाकारायला अवघड वाटलेली पुस्तकंच रॅक भरून टाकतात.

वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेला ड्यूई क्रमांक, बदलू नका. योग ६१३.७०४६, आहार ६१३.२, नैराश्य ६१६.८५२७, व्यसन ३६२.२९ आणि आत्मविकास १५८.१ अशी ही पुस्तकं विखुरलेली असतात. त्यांना एकत्र आणायला नवा लोकेशन कोड, म्हणजे पुस्तकाच्या नोंदीतली जागेची खूण, पुरतो. उद्या संग्रह मोडला तर कोड काढला की पुस्तकं आपापल्या जागी जातात. पाठीवर एक साधा रंगीत ठिपका लावा, ‘मानसिक आरोग्य’ अशी पट्टी नको.

तीन फुटी लोखंडी रॅकच्या एका फळीवर २५ ते ३० पुस्तकं बसतात, म्हणजे १४० प्रतींना पाच फळ्या. सहावी, सर्वांत खालची, रिकामी ठेवा, पावसाळ्यात ओल तिथूनच चढते. रॅक काउंटरसमोर किंवा वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ नको. शेवटच्या ओळीत, खिडकीशेजारी, दोन खुर्च्या, बस्स. कपाटाला कुलूप असेल तर सगळी मेहनत वाया.

पुस्तकांव्यतिरिक्त सहा मिलिमीटर जाडीच्या दहा योगा मॅट, दोरीउड्यांच्या दोऱ्या, बुद्धिबळाचे दोन संच घ्या. यांची नोंद पुस्तकांच्या दाखल रजिस्टरमध्ये नाही, टिकाऊ सामानाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये करा, नाहीतर पडताळणीच्या वेळी पुस्तकांचा आकडा जुळत नाही. रंगपेन्सिली घेतल्या तर त्या वापरून संपणाऱ्या, उपभोग्य वस्तूंत. मॅट सात दिवसांसाठी द्या. जुलै ते सप्टेंबर ओली गुंडाळलेली मॅट बुरशी धरते, म्हणून परत आली की सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसून सावलीत पसरायची आणि कोरडी झाल्यावरच गुंडाळायची. उन्हात टाकली तर कडक होऊन तडकते. काही परदेशी ग्रंथालयं हिवाळ्यात ऊन कमी पडून येणाऱ्या उदासीसाठी प्रकाशाचे दिवे देतात. आपल्याकडे उन्हाची चणचण नाही, तो खर्च वाचवा. रक्तदाबाचं यंत्रही नको. जिना चढून आलेला मुलगा लगेच मोजतो, आकडा बघून घाबरतो, आणि समजावून सांगायला तिथं कोणी नसतं.

मानसिक आरोग्याच्या प्रत्येक पुस्तकात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक छापलेली खूणपट्टी ठेवा. ही सेवा मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ आणि खोली त्याच पट्टीवर. कर्मचारी समुपदेशक नाहीत हे त्यांना आणि मुलांना, दोघांनाही स्पष्ट असावं. कोणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, ‘कोणालाच सांगणार नाही’ असा शब्द द्यायचा नाही, शेजारी बसून समुपदेशकाला किंवा १४४१६ ला फोन लावायचा. धोका समोर दिसत असेल तर ११२.

वापर मोजताना देवघेवीच्या आकड्यावर विसंबू नका. अशी पुस्तकं पुष्कळ मुलं तिथंच बसून वाचतात. ‘पुस्तक परत रॅकमध्ये लावू नका, टेबलावरच ठेवा’ अशी पाटी लावा आणि संध्याकाळी आवरताना टेबलावरच्या प्रत्येक पुस्तकासाठी वहीत एक रेघ मारा. गहाळ होणाऱ्या पुस्तकांचीही वेगळी नोंद ठेवा. लैंगिक आरोग्याचं पुस्तक दोनदा नाहीसं झालं तर ग्रंथालय समितीपुढे निर्लेखनाच्या, म्हणजे गहाळ प्रत नोंदीतून काढण्याच्या, प्रस्तावासोबतच तिसऱ्या आणि चौथ्या प्रतीची मागणी ठेवा.