हिवाळ्यात बुरशी शोधताना या चुका टाळा

सह्याद्रीत पाऊस सरला की जमिनीवरची मऊ अळंबी दिसेनाशी होते आणि मागे उरतात त्या लाकडावरच्या टणक बुरश्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हौशी निरीक्षकाच्या हाती लागते ते बहुधा पावसाळ्यात वाढून गेलेल्या बुरशीचे वाळलेले रूप असते, आणि ओळखीतल्या बहुतेक चुका याचाच विसर पडल्यामुळे होतात.

पहिली चूक रंगावर विसंबण्याची. गॅनोडर्मा या लाकडावरच्या टणक बुरशीच्या पाठीवर दिसणारी तपकिरी भुकटी हा तिचा रंग नव्हे. खालच्या छिद्रांतून सुटलेले बीजाणूच, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण, हवेबरोबर वर येऊन बसलेले असतात. ओल्या बोटाने ती पुसून मगच पृष्ठभाग चकचकीत आहे की निस्तेज, हे नोंदवावे. शेंदरी रंगाची पिक्नोपोरस उन्हात फिकट होत जाते आणि मग तिचे फोटो भलत्याच नावाने फिरू लागतात.

आकारही तितकाच फसवा असतो. आंब्याच्या वाळक्या फांदीवर नखाएवढे, पांढरट-राखाडी, लवदार पंखे ओळीने दिसतात, ज्यांच्या कडा आत वळलेल्या असतात. ही जगभर आढळणारी शिझोफायलम कम्यून होय. तिच्या खालच्या बाजूचा प्रत्येक पडदा उभा चिरलेला असतो आणि कोरड्या हवेत त्याचे दोन्ही भाग बाहेर वळून बीजाणू तयार करणारा पृष्ठभाग झाकतात. एखादा तुकडा ओल्या टिपकागदावर ठेवून वाट पाहिली, तर भिंगाखाली हे पडदे पुन्हा सरळ होताना दिसतात. हे न करताच ‘नवीन प्रजाती’ जाहीर करणाऱ्यांची संख्या कमी नाही.

बीजाणूंचा ठसा, म्हणजे बुरशी कागदावर ठेवून तिच्यातून पडणाऱ्या बीजाणूंची छाप, घेण्याचा आग्रह हिवाळ्यात अनेकदा व्यर्थ ठरतो. त्याहून वाईट म्हणजे, जुन्या नमुन्यावर नंतर वाढलेल्या साध्या बुरशीचे किंवा शेजारच्या गॅनोडर्माचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि तेच त्या नमुन्याचे समजून मापे घेतली जातात. छिद्रांच्या आतून पातळ काप घेऊन तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात फुगवावा. गॅनोडर्माचे तपकिरी, दुहेरी भिंतीचे आणि एका टोकाला छाटल्यासारखे दिसणारे बीजाणू सहसा चुकत नाहीत. कोकणात औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या फणसोंब्याच्या, म्हणजे फेलिनसच्या गटातील बुरश्यांचा तपकिरी गर याच द्रावणाने काळा पडतो. द्रावण त्वचेला भाजते, म्हणून हातमोजे वापरावेत.

फक्त वरून काढलेला सुंदर फोटो ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. खालची बाजू, कड, लाकडाला चिकटलेला भाग आणि उभा छेद यांचे फोटो मोजपट्टीसह घ्यावेत. हेक्झागोनियाची मधाच्या पोळ्यासारखी मोठी छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात, तर पिवळ्या देठाच्या मायक्रोपोरस झँथोपसची छिद्रे पाहायला भिंग लागते. झाड पर्णहीन असले, तरी ‘कुजके लाकूड’ एवढीच नोंद करून मोकळे होऊ नये. साल आणि खाली पडलेली पाने पाहून ते ऐन आहे की जांभूळ, हे ठरवता येते.

‘दुर्मिळ’ हा शब्द मात्र अगदी शेवटी वापरावा, कारण नोंदी थोड्या असणे म्हणजे प्रजाती थोडी असणे नव्हे. नावांचा घोळही मोठा आहे: गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव ज्या प्रजातीचे आहे, तिचे वर्णन 1781 मध्ये इंग्लंडमधील नमुन्यावरून झाले, तरीही आपल्याकडच्या प्रत्येक चकचकीत गॅनोडर्माला ते सर्रास चिकटवले जाते. अ‍ॅपने सुचवलेले नाव हा तपासाचा आरंभ मानावा, निकाल नव्हे.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वनविभागाच्या परवानगीशिवाय नमुना काढू नये. परवानगी असल्यास छोटा भाग कागदी पाकिटात घ्यावा, कारण प्लॅस्टिकमध्ये दमटपणा साचून त्यावर दुसरी बुरशी चढते. वाळवल्यानंतरही आतले भुंगेरे नमुन्याचा भुगा करतात, म्हणून तो काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा. नाव ठरत नसेल, तर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि ओंडक्याची खूण नोंदवून पावसाळ्यात तिथेच परत जावे. ताजी वाढणारी कड आणि बीजाणू तेव्हा मिळतात. खरोखरच वेगळा वाटणारा नमुना संपूर्ण नोंदीसह तज्ज्ञांना दाखवावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीतज्ज्ञ आजरेकर यांच्या नावाचा बुरशींचा नमुनासंग्रह आहे.