तुमची लीडरशिप स्टाइल बहुधा तुमच्या जुन्या बॉसची आहे

टीम नुकतीच हातात आली असेल तर आधी एक करा. ज्या बॉसने तुम्हाला सगळ्यात जास्त पिडलं, त्याच्या सवयी कागदावर लिहून काढा आणि शेजारी स्वतःच्या लिहा. बहुतेकांची दुसरी यादी पहिलीच्या नेमकी उलटी निघते. तो प्रत्येक मेलमध्ये सीसी मागायचा, म्हणून आपण मेलकडे बघतच नाही. तो चारचौघांत झापायचा, म्हणून आपण एकांतातही चूक दाखवत नाही. वर याला आपण ऐटीत ‘माझी स्टाइल’ म्हणतो.

चांगल्या बॉसची नक्कल लगेच ओळखू येते. वाईट बॉसची उलटी नक्कल ओळखू येत नाही, कारण ती करताना आपण फार भले आहोत असं वाटत असतं. मी यात अडकले होते आणि खरं सांगायचं तर अजून पुरती सुटलेली नाही, म्हणून इथे जरा पाल्हाळ लावणार आहे.

माझे पहिले मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि स्क्रीनवर बोट टेकवून चुकलेला स्वल्पविराम दाखवायचे. माझ्या हाताखाली माणसं आली की त्यांना मोकळं सोडायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुढे टीम मिळाली. टीममधली एक नवी मुलगी क्लायंटच्या अहवालाचा मसुदा घेऊन आली. “हे दोन प्रकारे मांडता येईल, कुठलं घेऊ?” मी उदारपणे म्हटलं, “तुला योग्य वाटेल तसं कर, माझा विश्वास आहे.” संध्याकाळी मसुदा आला आणि निम्मा मीच खोडला. हे वारंवार व्हायला लागलं, तेव्हा एकदा ती म्हणाली, “मॅडम, नंतर खोडता त्यापेक्षा आधीच रागावून सांगत जा ना.”

मला मोकळीक हवी होती ती मला काम येत होतं म्हणून. तिला ते अजून यायचं होतं. मी तिला जे देत होते, ते खरं तर त्या वेळच्या मला हवं होतं.

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांचा 1939 सालचा मुलांच्या गटांवरचा प्रयोग कुठल्याही मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात: हुकूमशाही, लोकशाही आणि मोकाट अशा तीन पद्धती. त्यातली एक गंमत मात्र सहसा कुणी सांगत नाही. तिसरी पद्धत मुळात ठरलेली नव्हती. व्हाइट लोकशाही पद्धतीने गट चालवायला गेले आणि प्रत्यक्षात ते काहीतरी वेगळंच झालं, म्हणून तिला स्वतंत्र नाव मिळालं. त्या गटात काम कमी झालं आणि जे झालं तेही सुमार. म्हणजे ‘मी सगळ्यांना विचारून चालते’ असं समजत प्रत्यक्षात हात झटकून मोकळं होणं अभ्यासकालाही चुकलं नाही. तेव्हा स्वतःला फार दोष देत बसू नका.

मग किती सोडायचं? नेतृत्वाचे अभ्यासक पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी 1969 मध्ये मांडलेली गोष्ट मला इथे सगळ्यात उपयोगी वाटते. समोरच्याची तयारी बघून सूचना आणि आधार यांचं प्रमाण बदला, असं ते सांगतात. लोक ‘तयारी’चा अर्थ अनुभवाची वर्षं असा लावतात आणि तिथेच फसतात. तयारी त्या कामापुरती असते. दहा वर्षं उत्तम काम केलेला माणूस आयुष्यातला पहिला इंटरव्ह्यू घेणार असेल, तर त्या खोलीत तो नवखाच. त्याला ‘तुला काय सांगायचं’ म्हणून एकटं पाठवणं हा मान नव्हे. “यात तुला माझी गरज कुठवर लागेल?” एवढं विचारलं तर कुणाचा अपमान होत नाही. मी विचारायला लागले तेव्हा सगळ्यात सीनियर लोकांनीच सुटकेचा श्वास टाकला.

हल्ली काम देताना मी तीनच गोष्टी तोंडाने सांगते. काय बदलायचं नाही, कशाचा निर्णय पूर्ण तुझा, आणि मला केव्हा दाखवायचं. उदाहरणार्थ, “आकडे आणि मुद्द्यांचा क्रम पक्का आहे, भाषा तुझी, पहिलं पान झालं की दाखव, सगळं झाल्यावर नको.” यातलं शेवटचं लोक नेहमी गाळतात आणि सगळा मनस्ताप तिथूनच सुरू होतो.

शॉर्टकटबद्दल विचाराल तर ‘तुमची लीडरशिप स्टाइल ओळखा’ छापाच्या त्या ऑनलाइन चाचण्या सोडा. वीस प्रश्न, एक रंगीत चक्र आणि ‘तुम्ही प्रेरणादायी नेते आहात’. निकाल वाचून बरं वाटतं, दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये काडीचा उपयोग नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी 2000 साली नेतृत्वाच्या सहा शैली सांगितल्या, तेव्हा त्यांचाही जोर एक शैली निवडण्यावर नव्हता, प्रसंग पाहून अनेक वापरण्यावर होता.

मेंटरच्या बाबतीत माझं मत जरा कडू आहे. ज्याने तुम्हाला मीटिंग चालवताना कधी पाहिलं नाही, तो तुम्हाला स्वतःची गोष्ट सांगतो आणि तिला सल्ला म्हणतो. त्यापेक्षा बरोबरीच्या एखाद्या सहकाऱ्याला मागच्या खुर्चीत बसवा आणि फक्त दोन गोष्टी टिपायला सांगा: मी कुणाचं बोलणं तोडलं आणि कोण शेवटपर्यंत गप्प राहिलं.

ओढूनताणून वागतोय असं वाटायला लागलं तर घाबरू नका. नेतृत्वाच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी 2015 मध्ये हे छान मांडलं आहे: नव्या भूमिकेत ‘मी असाच आहे’ याला घट्ट धरून बसणं ही बऱ्याचदा न शिकण्याची पळवाट असते. पहिल्यांदा कुणाला स्पष्ट ‘नाही’ म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटला होता. काही महिन्यांनी तो माझाच झाला. तुमचाही होईल, पण तोवरचे महिने वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवते.

आणखी वर गेल्यावर, म्हणजे तुमच्या हाताखाली टीम लीड आले की, हे सगळं पुन्हा विस्कटतं. जेवताना सहज म्हटलेलं ‘हे निळ्या रंगात बरं दिसलं असतं’ खाली आदेश म्हणून पोचतं आणि कुणीतरी शनिवारी बसून रंग बदलतं. तिथे मोठ्याने विचार करायची सवय मोडावी लागते. ‘हे फक्त माझं मत आहे, निर्णय तुमचा’ हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. कंटाळा येतो, तरी सांगावं लागतं.

शैली बदलणार असाल तर टीमला आधी सांगा. काल मोकळं सोडणारी बाई आज रोज मसुदा मागायला लागली की लोक समजतात, वरून हिला काहीतरी ऐकवलंय किंवा आपल्यापैकी कुणाची तरी नोकरी जाणार. “महिनाभर मी मसुदे लवकर बघणार आहे, कारण शेवटी खोडण्यात तुमचा वेळ जातोय. जाच वाटला तर सांगा,” एवढं पुरतं. आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खरंच सांगेल. राग येईल. त्या दिवशी उत्तर देऊ नका, लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोला.