एलटीस्पाइसमध्ये चार मापं एकदम घेण्याआधीची तयारी

एलटीस्पाइस म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचा प्रोग्रॅम. त्यात रन दाबायच्या आधी वही उघडा आणि काय मोजायचंय ते लिहा. सबमिशनला हमखास येणारा ब्रिज रेक्टिफायर (चार डायोड वापरून एसीचा डीसी करणारं सर्किट) घ्या: १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे ७८०९ (कायम ९ व्होल्ट देणारी रेग्युलेटर आयसी) आणि अर्ध्या अँपिअरचा लोड. रब्बीत सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की आपल्या गावांत व्होल्टेज किती पडतं ते सांगायला नको. म्हणून इनपुट २३० आणि १८० व्होल्ट, दोन्हींवर बघायचं. ७८०९ ला इनपुटला साधारण ११ व्होल्ट तरी लागतात. म्हणजे कपॅसिटरवरची सरासरी कितीही छान दिसो, मोजायचा तो तळ, म्हणजे व्होल्टेज सर्वांत खाली जातं ती किंमत.

ट्रान्सफॉर्मरच्या जागी ठेवलेल्या साइन सोर्समध्ये आरएमएस (एसीची नेहमी सांगितली जाणारी परिणामी किंमत) नाही, शिखर मागतात. तिथे १२ नव्हे, १७ लिहा, आणि १८० व्होल्टसाठी १३.३. या दोन किमती डॉट-स्टेपला (एकेक किंमत घेऊन सर्किट पुन्हा चालवणारा आदेश) द्या. ज्या नोडवर (वायरी जुळतात त्या बिंदूवर) मोजायचं त्याला एफ४ दाबून स्वतः नाव द्या. प्रोग्रॅमने दिलेले नंबर सर्किटमध्ये एक वायर हलली तरी बदलतात, मग मापाचा आदेश भलत्याच नोडवर जातो.

आलेखावर वाचन घ्यायला कर्सर दोनच मिळतात, त्यामुळे चार मापांसाठी डॉट-मेझर (माप आपोआप काढणारा आदेश) हवाच. प्रत्येक मापाला एक ओळ: कपॅसिटरचा किमान व्होल्टेज, रिपलसाठी (डीसीवर उरलेला चढउतार) पीक-टू-पीक, डायोडच्या करंटचं शिखर, लोडचा सरासरी करंट. कालावधी १०० ते २०० मिलिसेकंद ठेवा. सुरुवातीचं चार्जिंग वगळलं जातं आणि ५० हर्ट्झची पाच पूर्ण आवर्तनं बसतात. अर्धवट आवर्तन धरलं की सरासरी बिघडते. प्लॉटविनसाइझ (डेटा दाबून साठवण्याची सेटिंग) शून्य करा, नाहीतर माप दाबून साठवलेल्या डेटावरून निघतं. टाइमस्टेपची (हिशेबाच्या दोन बिंदूंमधल्या वेळाची) मर्यादा दहाएक मायक्रोसेकंद पुरे.

रिपलचा हिशेब हातानेही करून ठेवा: अर्धा अँपिअर गुणिले १० मिलिसेकंद, भागिले २२०० मायक्रोफॅरड, म्हणजे २.३ व्होल्ट. सिम्युलेशनमध्ये थोडा कमी येईल, कारण कपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होत नाही. दुप्पट आला तर सर्किट तपासा.

लाईटचा भरवसा नाही, फाइल आधी सेव्ह करा. रन संपला की कंट्रोल-एल दाबा. दोन्ही इनपुटची मापं लॉगमध्ये एकाखाली एक मिळतात. १८० च्या ओळीत तळ दहाच्याही खाली दिसेल. मग १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर टाकून पुन्हा चालवा, आणि ७८०९ किती तापेल तेही बघा.