रात्री लोरिस बघायचाय? आधी हे वाचा

स्लेंडर लोरिस, म्हणजे आपली लाजवंती, माकडांच्या दूरच्या नात्यातला, झाडांवर राहणारा छोटा निशाचर प्राणी. कन्नडमध्ये काडु पापा म्हणतात, रानातलं बाळ, आणि एकदा समोर दिसला की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. पाव किलोच्या आसपास वजन, शेपूट नाही, काडीसारखे हातपाय आणि अर्धा चेहरा नुसता डोळ्यांचा.

बघायला जायचं तर वनखात्याची परवानगी आणि लोकल माणूस सोबत हवाच. हेडटॉर्चवर लाल जिलेटिन पेपरची दुहेरी घडी रबरबँडने लावा, पांढरा प्रकाश त्या डोळ्यांना अजिबात सोसत नाही, फ्लॅश तर विषयच नको. मग अगदी हळू चालायचं, टॉर्च डोळ्यांच्या लेव्हलला धरून झुडपं, वेली, बांबूची बेटं बघत जायचं. जमिनीवर एकेकटे बारीक ठिपके चमकले तर बहुतेक कोळी असतात, पण फांदीवर एकमेकांना चिकटून दोन केशरी निखारे दिसले आणि ते सावकाश सरकले की थांबा! मी पाहिलेला मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून पुढे झुकला, दोन्ही हातांनी झप्पकन किडा पकडला आणि तिथेच चावत बसला, मी श्वास पण घेतला नसेल तेवढा वेळ. पाच मिनिटं बघा आणि निघा. फोटो टाकलात तर लोकेशन टाकू नका, कारण जादूटोण्यासाठी आणि पाळायला आजही याला पकडतात, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने हा शेड्यूल 1 मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी आहे.

आता मला खरं सांगायचंय ते हे, की लोरिसला उडी मारता येत नाही. फांदीला फांदी लागलेली असेल तरच तो पुढे जातो, मधली दोन झाडं तोडली की बिचारा जमिनीवर उतरतो नाहीतर विजेच्या तारेवर चढतो, आणि गाडीखाली किंवा शॉक लागून मरतो. तमिळनाडूत 2022 मध्ये कडवूरला खास लोरिससाठी अभयारण्य केलं, देशातलं पहिलं, खूप बरं वाटलं. पण गोव्यात किंवा घाटाखाली तुमची बाग असेल तर कुंपणाच्या वेली आणि झुडपांची जाळी साफसफाईच्या नावाखाली काढू नका प्लीज, आणि कीटकनाशक कमी मारा, किडे हेच त्याचं जेवण.

जखमी सापडला तर जाड टॉवेलने उचलून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, आत धरायला एक फांदी द्या, खोका अंधारात ठेवा, दूध-केळं काही भरवू नका आणि लगेच वनखात्याला फोन करा, महाराष्ट्रात 1926.