बायकांच्या हृदयतपासणीत या चुका टाळा

महिला दिन जवळ आला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती लागतात. तपासण्या कराव्यातच. पण डॉक्टरांना जे सांगायला हवं ते राहूनच जातं, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

बाळंतपणाची फाइल माळ्यावर टाकून देणं ही सगळ्यात मोठी चूक. गरोदरपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया (वाढलेल्या बीपीसोबत मूत्रपिंड-यकृतासारख्या अवयवांवर ताण येण्याचा आजार) झाला असेल, तर बाळंतपणानंतर बीपी उतरलं तरी पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट राहतो. तेव्हा साखर वाढली होती? मग बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत ग्लुकोज पिऊन साखर तपासायची आणि पुढेही दर 1 ते 3 वर्षांनी. चाळिशीच्या आत पाळी गेली असेल, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा बिघाड) किंवा आमवात असेल, तर तेही न विचारता सांगा. ‘सिगारेट?’ या प्रश्नाला ‘छे!’ म्हणून मोकळ्या होणाऱ्या कितीतरी जणी सकाळी मिशरी लावतात. तोही तंबाखूच!

बीपी मोजायची घाई तर सर्रास. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून आलं, जिना चढला, लगेच ब्लाउजच्या बाहीवरून पट्टा, वर गप्पा चालूच. असा आकडा काय कामाचा? पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर ठेवा, बोलू नका. अर्धा तास आधी चहाही नको. नीट मोजूनही आकडा पुन्हा पुन्हा 140/90 किंवा वर आला, तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून सोडू नका.

कंबर मोजताना टेप साडीची निरी खोचतो तिथे लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. 80 सेंटिमीटरच्या वर गेली, तर वजन ठीक असलं तरी साखर आणि कोलेस्टेरॉल बघायला हवं. खर्चाची अडचण असेल, तर तिशीनंतर बीपी-साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

‘ईसीजी नॉर्मल आला’ यावर निर्धास्त होऊ नका. झोपून काढलेला ईसीजी त्या काही सेकंदांपुरता. रक्तवाहिनीत अडथळा असूनही तो स्वच्छ येऊ शकतो. चढावर धाप लागते, छातीत आवळतं आणि थांबलं की बरं वाटतं, असं होत असेल तर तसं स्पष्ट सांगा, पुढची तपासणी त्यावर ठरते. काहींच्या बारीक रक्तवाहिन्यांतच दोष असतो. तेव्हा अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची डाय घालून केलेली तपासणी) स्वच्छ येऊनही दुखणं खरंच असतं.

आता शेवटची, जीवावर बेतणारी चूक. हार्ट अटॅकमध्ये छातीत दडपण बायकांनाही येतं, पण सोबत किंवा त्याऐवजी जबडा, पाठ दुखणं, मळमळ, घाम, अचानक गळून जाणं असू शकतं. त्यावर ॲसिडिटीची गोळी घेऊन ‘आधी डबे भरते’ म्हणत बसू नका. 108 लावा, स्वतः गाडी चालवू नका. चोवीस तास अँजिओप्लास्टी होणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे घरच्यांना आजच विचारून ठेवायला सांगा. पहिला ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आले, तरी काही तासांनी पुन्हा करायचे का, हे विचारल्याशिवाय घरी परतू नका.