सापाची पिशवी हाती घेण्याआधी

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. नाग, घोणस, मण्यार किंवा फुरसं हौस म्हणून घरात ठेवायचा परवाना भारतात मिळत नाही. ओळखीने नाही, पैसे भरूनही नाही. परदेशातले व्हिडिओ बघून आधी काचेची टाकी मागवणारी पोरं बरीच आहेत, म्हणून हे पहिल्यांदा. त्या व्हिडिओंमधल्या अमेरिकेतल्या फ्लोरिडात असा परवाना आहे खरा, पण त्यासाठी विषारी साप हाताळल्याचा १,००० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. ब्रिटनमध्ये १९७६ च्या कायद्याप्रमाणे स्थानिक कौन्सिलचा (म्हणजे तिथल्या पालिकेचा) परवाना, पशुवैद्याची तपासणी आणि विमा, एवढं सगळं लागतं. त्यामुळे टाकीचे पैसे वाचवा.

मग वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ काढून बसा. सगळा नको, पण कलम ९, ११, १२, ३९ आणि ५१ तरी वाचाच. कलम ९ शिकारीला बंदी घालतं आणि त्यात जिवंत पकडणंही येतं. नियम मोडून पकडलेला किंवा ठेवलेला प्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरतो. जीव वाचवताना साप मारला गेला तर कलम ११ मध्ये सूट आहे. कलम १२ नीट वाचा. शिक्षण, संशोधन, प्राणिसंग्रहालय आणि औषधासाठी सापाचं विष काढणं, अशा कारणांना परवानगी मिळू शकते. हौस त्यात कुठेच नाही. चेन्नईजवळची इरुळा लोकांची सहकारी संस्था साप पकडते, काही आठवडे ठेवून विष काढते आणि परत सोडते, ते परवानगी घेऊनच.

कायद्याची प्रत मात्र नवीन घ्या. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूच्या, म्हणजे कायद्यातल्या प्राण्यांच्या याद्या, बदलल्या. नाग, घोणस, अजगर, इतकंच काय आपली धामणसुद्धा आता पहिल्या अनुसूचीत आहे. तिथल्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. बाकीचे सापही मोकळे नाहीत, शिक्षा थोडी कमी एवढंच.

‘आपला साप तर परदेशी आहे’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतले, म्हणजे आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतले जिवंत प्राणी जवळ असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आधीपासून असलेल्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती, ती केव्हाच संपली; आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवस. विकणारा ‘पेपर नंतर देतो’ म्हणाला की तिथूनच माघारी फिरा. जून २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात मुंबई विमानतळावर ४७ विषारी साप सापडले, त्यातले तीन इराणातले, कोळ्यासारख्या (कीटक धरणाऱ्या कोळ्यासारख्या) शेपटीचे, घोणस जातीचे. असला साप घरात चावला तर? भारतात बनणारी सर्पदंशावरची लस (प्रतिविष) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर तयार होते. परक्या सापासाठी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

सापाचं वेड खरंच असेल तर पाळण्यापेक्षा लोकांच्या घरात शिरलेले साप पकडून सोडवण्याकडे वळा. त्यासाठी परिक्षेत्र वन अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन रीतसर नोंद करा, ओळखपत्राचं विचारा. एक जाड नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, पत्ता, कॉल करणाऱ्याचं नाव, सापाची जात, कुठे सोडला, कुणाच्या समक्ष. साप रात्रभर पिशवीत घरी ठेवायचा नाही. ‘सकाळी मुलांना दाखवतो’ हे वनरक्षकाला सांगायचं कारण नव्हे. गळ्यात नाग घालून रील तर नकोच. स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच कशाला अपलोड करायचा?

साप ओळखायला शिकण्यावर सर्वात जास्त वेळ घाला. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत भले भले फसतात. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात; कवड्याचे मानेपासूनच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, पण तेवढं जवळून बघायला फोटो असतात. दुसरा घोळ जास्त जीवघेणा: घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हातात घेणं. पाठीवर साखळीसारखे ठिपक्यांचे तीन पट्टे आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार असेल तर हात मागे.

सामान फार लागत नाही. हूक, टॉर्च, पाइप जोडलेली जाड कापडी पिशवी, भोकं पाडलेली बरणी, गुडघ्याखालपर्यंतचे बूट. चिमट्याने साप दाबू नका, बरगड्या मोडतात.

शेवटी दवाखाना, आणि हे जून उजाडायच्या आत. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन विचारा: लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, व्हेंटिलेटर नसेल तर पुढे कुठे पाठवतात. सुरुवातीलाच दहा-दहा मिलिलिटरच्या साधारण दहा कुप्या लागू शकतात, तेव्हा साठा किती आहे तेही विचारा. १०८ आणि वन विभागाचा १९२६ हे नंबर फोनमध्ये घाला, शिवाय नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण फोन तुमच्या हातात असेलच असं नाही. आणि प्रत्येक कॉलला निघताना घरी पत्ता सांगून जा.