भरलेली गाडी घाट उतरवताना: नव्या ट्रकचालकाचे पहिले वर्ष

नव्या ट्रकचालकाची पारख त्याने वर्षभरात किती खेपा केल्या यावर होऊ नये. भरलेली गाडी तो घाट कसा उतरवतो, यावर व्हावी. कसारा, खंबाटकी किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आला की डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, असे जुने चालकसुद्धा सांगतात. हा सल्ला कधीही मानू नये. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत इंजिन तिला धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये तो आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि सतत दाबून ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणारे अस्तर) तापले की पेडल कितीही दाबले तरी गाडी आवरत नाही. इंजिनच बंद केले तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंगही जड होते. शिवाय कॉमन रेल इंजिनात (डिझेल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून सोडणाऱ्या आजच्या इंजिनात) गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठा जवळजवळ तुटतोच, म्हणजे बचतीचा हिशेबही चुकीचा ठरतो. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकरवी गाडी रोखणारा) लावावा आणि पायाचा ब्रेक ठामपणे दाबून पुन्हा सोडावा. वेग वाढल्यावर गिअर पडेलच याचा भरवसा नसतो.

सकाळी निघण्यापूर्वी ब्रेकच्या हवेचा दाब पूर्ण भरू द्यावा आणि टायर व व्हीलनट स्वतः पाहावेत, हे काम क्लीनरवर सोडू नये.

झोपेशी मात्र हुज्जत घालू नये. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला ८ तासांचे काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली होती. प्रत्यक्षात ती क्वचितच मिळते, आणि ही गोष्ट मला अस्वस्थ करते. तरीही पहाटे २ ते ५ या वेळेत डोळे जड झाले तर चहावर वेळ मारून न नेता गाडी सुरक्षित जागी लावून झोपावे. उशिरामुळे ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपत असेल तर ट्रान्सपोर्टरला लगेच फोन करावा, कारण मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते.

माल भरल्यावर वजनकाट्याची पावती स्वतःजवळ ठेवावी. जादा मालाचा दंड कायद्याने २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार आहे, आणि गाडी चालवणाराही त्यातून सुटत नाही. उचल, भत्ता आणि वाटखर्च तारखेसह वहीत लिहून दर खेपेनंतर मालकाकडून त्यावर सही घ्यावी.